राणीचा राखणदार आणि चांद्याचा तुरुंग

१/
२१ ऑक्टोबर १८५८. चांद्याच्या तुरुंगात बाबुराव शेडमाके यांना फाशी देण्यात आली. अकराव्या दिवशी, १ नोव्हेंबर १८५८ रोजी, अलाहाबादेत राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचला गेला. कंपनीचे राज्य संपले आणि राणीचे राज्य सुरू झाले. त्याच राणीच्या काळातील लंडन आज जपानी चित्रकथांतून मूल, सावली, सिंदेवाहीच्या मुलामुलींच्या मोबाइलवर येते : धुके, कोळशाचा धूर, काळी लेस, मेणबत्त्यांनी उजळलेले वाडे. हे लंडन इतके का आवडते, आणि ते आवडताना काय नजरेआड होते, यासाठी हा धागा.

२/
आधी प्रकार समजून घेऊ. ‘गॉथिक ऐतिहासिक रहस्य-मांगा’ म्हणजे तीन गोष्टींचा संगम. पार्श्वभूमी खऱ्या इतिहासातील. वातावरण भयाचे, म्हणजे पडका वाडा, शापित घराणे, बंद खोली. आणि कथानक तपासाचे, म्हणजे कोणी मारले, का मारले, कोणी लपवले. यातले एक काढले तरी प्रकार बदलतो. भय काढले तर ती ऐतिहासिक कादंबरी होते, तपास काढला तर भूतकथा उरते, आणि इतिहास काढला तर साधी गुप्तहेरकथा. तिन्ही एकत्र आल्यावर जे होते, त्याचे वेड इतिहासाची आवड असलेल्या वाचकाला अधिक लागते, हा योगायोग नव्हे.

३/
या प्रकाराचा जन्मच एका खोट्या कागदावर झाला. १७६४ च्या डिसेंबरात लंडनमध्ये होरेस वॉलपोल यांची ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिला पहिली गॉथिक कादंबरी मानतात. पहिल्या आवृत्तीवर वॉलपोल यांचे नाव नव्हते. उत्तर इंग्लंडमधील एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथालयात सापडलेल्या, १५२९ साली नेपल्सला छापलेल्या पुस्तकाचे हे भाषांतर आहे, अशी बतावणी प्रस्तावनेत केली होती. वाचकांनी ती खरी मानली. दुसऱ्या आवृत्तीत लेखकाने आपले नाव उघड केले. ‘सापडलेला जुना दस्तऐवज’ ही युक्ती गॉथिक कथेला तेव्हापासून चिकटली आहे.

४/
जपानमध्ये ही परंपरा उशिरा पोचली, पण खोल रुजली. एदोगावा राम्पो हे टोपणनाव घेणाऱ्या रहस्यकथाकाराने ते एडगर ॲलन पो या नावावरूनच घडवले होते. १९७२ पासून मोतो हागिओ यांची ‘पो नो इचिझोकू’ ही युरोपच्या शतकांतून भटकणाऱ्या रक्तपिपासू मुलांची मांगा येऊ लागली. २००६ पासून याना तोबोसो यांची ‘कुरोशित्सुजी’, म्हणजेच ‘ब्लॅक बटलर’, सुरू आहे. तिचा नायक सिएल फँटमहाइव्ह हा कोवळ्या वयाचा सरदार. तो राणी व्हिक्टोरियाचा ‘राखणदार कुत्रा’ म्हणून गुन्हेगारी जगतावर नजर ठेवतो. त्याचा खानसामा सेबास्टियन हा सैतान आहे. करार पुरा होताच तो सिएलचा आत्मा घेणार आहे.

५/
मराठी वाचकाला ही चव नवी नाही. ‘ब्लॅक बटलर’चे कथानक १८८८-८९ च्या आसपास घडते. त्याच्या जेमतेम तीन-चार वर्षे आधी, १८८५ मध्ये, हरिभाऊ आपटे यांची ‘मधली स्थिती’ ‘पुणे वैभव’ पत्रातून येऊ लागली. तिच्यामागे रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या लंडनी रहस्यकादंबरीची प्रेरणा होती. लंडनच्या अंधाऱ्या गल्ल्या मराठीत येऊन आता एकशे चाळीस वर्षे झाली. पुढे बाबूराव अर्णाळकरांच्या ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ने वाचनालये गाजवली. नारायण धारपांनी वाडा, तळघर आणि घराण्याचे पाप मराठी घरात आणून बसवले. मांगा फक्त चित्रे घेऊन आली. भूक इथलीच होती.

६/
आता मुख्य प्रश्न : आकर्षण कशाचे? लेस, रक्त आणि देखणे सैतान हे उत्तर अपुरे आहे. शाळेच्या पुस्तकात इतिहास संपलेला असतो. सनावळी ठरलेली, कारणे क्रमांक घालून दिलेली, परिणाम तीन ओळींत. तिथे विचारायला काही उरत नाही. रहस्य-मांगेत तोच इतिहास अपुरा असतो. कोणीतरी पान फाडले आहे, कोणीतरी साक्षीदार गप्प केला आहे, खोलीला बाहेरून कडी आहे. वाचकाला पहिल्यांदाच असे वाटते की भूतकाळात काही लपवलेले आहे आणि ते शोधता येईल. इतिहासाच्या अभ्यासाची सुरुवात याच संशयापासून होते.

७/
उदाहरण पाहू. १८८८ च्या ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर या काळात लंडनच्या व्हाइटचॅपल भागात पाच स्त्रियांचे खून झाले. मारेकरी ‘जॅक द रिपर’ या नावाने ओळखला गेला, सापडला मात्र कधीच नाही. तोबोसो यांनी हीच रिकामी जागा हेरली. त्यांच्या कथेत मारेकरी सापडतो आणि तो अनपेक्षित निघतो. उत्तर अर्थातच कल्पित आहे. पण ते वाचून झाल्यावर अनेक वाचक खऱ्या प्रकरणाकडे वळतात : मृत स्त्रिया कोण होत्या, वृत्तपत्रांनी त्यांच्याविषयी काय लिहिले, पोलीस का हरले. कथेने रिकामी जागा भरली आणि त्यामुळेच ती जागा नजरेला आली.

८/
मराठी इतिहासातली अशी सर्वांत प्रसिद्ध बंद खोली शनिवारवाड्यात आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. वाडा, सत्तेसाठी आसुसलेला काका, जिवाच्या आकांताने पळणारा अठरा वर्षांचा पेशवा, आणि आजही अमावास्येला ऐकू येते म्हणतात ती ‘काका, मला वाचवा’ ही हाक. गॉथिक कथेला लागणारे सर्व साहित्य येथे आहे. बदललेला दस्तऐवजही आहे : ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’चा ‘मा’ करून ‘मारावे’ झाले, असे सांगतात. तो बदल आनंदीबाईंनी केला, हे महाराष्ट्रातील लहान मूलही सांगू शकते.

९/
येथेच सावध व्हायला हवे. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी ठरवले ते राघोबादादांना. ‘ध’चा ‘मा’ ही कथा पुराव्याच्या कसोटीवर टिकत नाही, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तरी अडीच शतके लोकांच्या तोंडी राहिले ते आनंदीबाईंचे नाव. कारण उघड आहे. सत्तासंघर्ष, गारद्यांचा थकलेला पगार, दरबारातले गट ही कारणे गुंतागुंतीची. एका अक्षराने खून घडवणारी कपटी स्त्री ही प्रतिमा मात्र चटकन मनात बसते. गॉथिक कथा संशय जागा करते, आणि पुष्कळदा तो सोयीच्या माणसावर नेऊन टाकते. तिची ताकद आणि तिचा धोका एकाच जागी आहेत.

१०/
हा धोका ‘ब्लॅक बटलर’मध्येही दिसतो. तिच्यात एक भारतीय राजपुत्र येतो, सोमा. ओळख अशी : बंगालच्या राजाचा सव्विसावा मुलगा. सोबत त्याचा एकनिष्ठ सेवक अग्नी. पण १८८९ च्या बंगालला राजा नव्हता. १८५४ पासून तिथे ब्रिटिश लेफ्टनंट गव्हर्नरचा कारभार होता. पुढे क्रिस्टल पॅलेसमध्ये करी बनवण्याची स्पर्धा होते आणि सेबास्टियन ती कशाने जिंकतो? आत करी भरलेल्या, तळलेल्या पावाने. हा पाव म्हणजे जपानी बेकऱ्यांतला ‘कारेपान’, विसाव्या शतकातला पदार्थ. गंमत म्हणून हे सारे माफ. पण त्या लंडनमध्ये भारत येतो तो मसाला, रेशीम आणि भक्तिभाव घेऊन. त्याचा शेतसारा, त्याची जंगले, त्याचे तुरुंग तिथे पोचत नाहीत.

११/
जपानी लेखिकेने चांद्याचा तुरुंग दाखवावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. तो दाखवण्याचे काम तिचे नाही. पण मूलमधील वाचकाने ‘व्हिक्टोरियन काळ’ हे शब्द उच्चारताच त्याच्या डोळ्यांसमोर फक्त लंडनचे धुके यावे, ही हानी खरी आहे. राणीच्या त्रेसष्ट वर्षांच्या राजवटीतली बहुतेक वर्षे चांदा जिल्हाही ब्रिटिशांच्या ताब्यात होता. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि त्याबरोबर चांदाही. सिएल फँटमहाइव्ह ज्या राणीला मुजरा करतो, तिच्याच नावाने येथे निकालपत्रे निघत होती.

१२/
त्या काळाचा चांद्यातला पहिला मोठा प्रसंग मूलच्या परिसरातच घडला. मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी जंगोम दल उभारून मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा ताब्यात घेतला. नांदगाव-घोसरीजवळ इंग्रजी फौजेशी त्यांची लढाई झाली. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. एप्रिलच्या अखेरीस चिंचगुंडी येथे तारखात्याचे गार्टलँड आणि हॉल मारले गेले. मग डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला. सप्टेंबरात बाबुराव पकडले गेले, ऑक्टोबरात फाशी झाली. लक्ष्मीबाईंना बक्षीस म्हणून गावे मिळाली.

१३/
जंगल, बंडखोर जमीनदार, नात्यातली फितुरी, जप्तीची धमकी, बक्षिसाची गावे. एखाद्या मांगाकाराला यापुढे काही रचावे लागणार नाही. लोकपरंपरेने त्यात अद्भुतही मिसळले आहे : बाबुरावांच्या गळ्यात फास टिकेना, दोर पुनःपुन्हा तुटला, शेवटी त्यांना चुन्याच्या भट्टीत टाकले, अशी कथा सांगतात. कागदावर मात्र शिक्षा आणि तारीख, एवढेच. या दोहोंपैकी एक खरे आणि दुसरे खोटे, असा झटपट निकाल इतिहासाचा विद्यार्थी देणार नाही. दोर तुटल्याची कथा दोराविषयी पुरावा देत नाही. ती सांगणाऱ्यांना तो निकाल मान्य नव्हता, याचा मात्र ती पुरावा आहे.

१४/
चांद्याची दुसरी बंद खोली तीनशे वर्षे जुनी. गोंड राजा बीरशाह याच्या मुलीचा विवाह देवगडच्या दुर्गपालाशी झाला होता. त्याने तिचा अपमान केला. बीरशाहने त्याचे शिर महाकालीला वाहण्याची शपथ घेतली आणि ती पुरी केली, असे परंपरा सांगते. पुढे बीरशाह स्वतःच्या दुसऱ्या लग्नाच्या वेळी मारला गेला. मारणारा त्याचाच रजपूत रक्षक, हिरामण. विधवा राणी हिराईने त्याची भव्य समाधी बांधली. चंद्रपूरला अचलेश्वर मंदिराजवळ ती आजही उभी आहे. रोज शेकडो दुचाक्या तिच्या जवळून जातात.

१५/
रहस्य-मांगा वाचून तयार झालेला वाचक येथे पाच प्रश्न विचारील. हिरामणने राजाला का मारले? राजाच्या मृत्यूचा लाभ कोणाला झाला? लग्नाच्या दिवशीच खून, हा तपशील घडलेला की कथेला शोभतो म्हणून आलेला? बीरशाहच्या काळाविषयी वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी वर्षे का आढळतात? आणि सर्वांत महत्त्वाचा : ही कथा प्रथम लिहिली कोणी? पहिल्या चार प्रश्नांवर तर्क लढवता येतात. पाचव्याचे उत्तर मात्र शोधता येते, आणि ते थेट राणीच्या राज्याकडे नेते.

१६/
चांद्याच्या गोंड राजांची जी सलग हकीकत आज सर्वत्र फिरते, तिचा मोठा भाग मेजर ल्युसी स्मिथ या अधिकाऱ्याच्या जमीन बंदोबस्ताच्या अहवालातून आला. हा अहवाल १८६९-७० च्या सुमाराचा. १९०९ च्या चांदा जिल्हा गॅझेटियरनेही तीच वाट धरली. खांडक्या बल्लाळशाहचे झरपटच्या पाण्याने बरे झालेले शरीर, कुत्र्याच्या मागे धावणारा कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा, त्या धावेच्या रेषेवर उभा राहिलेला परकोट, या साऱ्या कथा साऱ्याची आकारणी करायला आलेल्या माणसाच्या वहीतून वाचकांपर्यंत पोचल्या. ज्यांनी त्याला त्या सांगितल्या, त्यांचे शब्द आणि त्यांची भाषा मात्र त्या वहीत उतरली नाही.

१७/
त्यामुळे मूलच्या वाचकासमोर दुहेरी रहस्य आहे. एक बीरशाहच्या खुनाचे. दुसरे त्या खुनाच्या कथेचे. दुसरे अधिक रंजक. गोंडी बोलणाऱ्या समाजाची स्मृती इंग्रजी अहवालात गेली, तिथून मराठी पुस्तकात आली, आणि आता समाजमाध्यमांवर ‘अज्ञात इतिहास’ म्हणून फिरते. प्रत्येक टप्प्यावर काही गळले, काही चिकटले. वॉलपोल यांनी खोट्या भाषांतराची बतावणी केली होती. चांद्याच्या इतिहासात खरोखरच भाषांतराचे थर आहेत. ते थर उलगडणे हे कोणत्याही सैतानी खानसाम्याच्या करारापेक्षा कमी थरारक नाही.

१८/
आता जंगल. जुन मोचिझुकी यांची ‘व्हॅनितास नो कार्ते’ २०१५ पासून सुरू आहे. तिच्या एका भागात ‘गेव्होदांचा पशू’ येतो. हे प्रकरण खरे. १७६४ ते १७६७ या काळात फ्रान्सच्या त्या डोंगराळ भागात कोण्या पशूने सुमारे शंभर माणसे मारली, त्यात बहुतेक गुराखी मुले आणि स्त्रिया. पंधराव्या लुईने आपला बंदूकधारी पाठवला. त्याने सप्टेंबर १७६५ मध्ये एक मोठा लांडगा मारला आणि पशू संपल्याचे जाहीर झाले. काही काळाने माणसे पुन्हा मरू लागली. शेवटी जून १७६७ मध्ये जॉँ शास्तेल या स्थानिक माणसाच्या गोळीने शेवट झाला. राजधानीच्या लेखी प्रकरण त्याआधीच मिटले होते.

१९/
पॅरिस वा टोकियोतल्या वाचकाला हा भाग कल्पनारम्य वाटेल. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीच्या वाचकाला तसा वाटणार नाही. मोहफुले वेचायला किंवा तेंदूपाने तोडायला पहाटे निघालेली बाई परत आली नाही, हे वाक्य येथे दर उन्हाळ्यात ऐकू येते. पण या जंगलाने भयाला दिलेला आकार निराळा आहे. ताडोबाच्या तलावाकाठी तारूचे ठाणे आहे. तारू हा गावाचा प्रमुख. वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला. गेव्होदांच्या कथेत सर्वांच्या ध्यानात राहतो तो पशू. येथे ज्याच्या नावाने जंगल ओळखले जाते, तो मेलेला माणूस आहे. वाघाला सैतान ठरवावे लागले नाही. युरोपी गॉथिकमधील काळेकुट्ट, परके जंगल येथे जसेच्या तसे आणून लावले, तर हा फरक पुसला जाईल.

२०/
(पुढे कथेचा उलगडा आहे. ज्यांनी ‘ब्लॅक बटलर’मधला जर्मनीचा भाग वाचला किंवा पाहिला नाही, त्यांनी हा क्रमांक सोडावा.) त्या भागात जंगलातले एक गाव आहे. चेटकिणीच्या आणि नरवृकांच्या भीतीने तेथील स्त्रिया सीमेबाहेर पाऊल टाकत नाहीत. जंगलात शिरणाऱ्याची कातडी भाजते. लोक त्याला शाप म्हणतात. अखेरीस कळते की शाप म्हणजे विषारी वायू, गाव म्हणजे लष्कराची गुप्त प्रयोगशाळा, आणि ‘चेटकीण’ म्हणजे अंधारात ठेवून शस्त्र बनवायला लावलेली एक लहान मुलगी. भीती कोणीतरी पाळली होती, कारण तिने कुंपणाचे काम होत होते.

२१/
या मांगेतला हा सर्वांत प्रौढ भाग, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकासाठी सर्वांत जवळचा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना बांधून मारहाण झाली. त्यांत वृद्ध आणि स्त्रिया होत्या. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. करणी, भानामती, गुप्तधनासाठी केलेली अमानुष कृत्ये, सारे त्याच्या कक्षेत येते. तरीही संशयाला आजही दोर आणि खांब मिळतो. ‘काळी जादू’ हे शब्द जपानी चित्रकथेत शृंगार होऊन येतात. येथे ते एखाद्या म्हातारीचे हाड मोडू शकतात. हे दोन्ही एकाच मोबाइलवर वाचणाऱ्या पिढीने हा फरक विसरता कामा नये.

२२/
मग या मांगा वाचू नयेत का? जरूर वाचाव्यात. भयाच्या कथांनी अंधश्रद्धा वाढते, हा आक्षेप सरसकट घेता येत नाही. भूत खरेच निघते अशी कथा आणि भुतामागे माणसाचा स्वार्थ निघतो अशी कथा, या दोन वेगळ्या गोष्टी. दुसऱ्या प्रकारची कथा वाचून वाढलेली मुलगी गावात कोणावर करणीचा आळ आला तर विचारील : याच्या शेताच्या धुऱ्यावरून कोणाशी वाद आहे? आजारी मुलाला दवाखान्यात नेले होते का? हा आळ प्रथम कोणी घेतला? तपासाची सवय पुस्तकातून बाहेर पडली, तर तिचा उपयोग होतो. म्हणून शिक्षकांनी या चित्रकथांना नाक मुरडण्यापेक्षा त्या वर्गात आणाव्यात आणि तेथूनच पुराव्याची चर्चा सुरू करावी.

२३/
आता एक बंद खोली, जी आजही उघडायची आहे. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी जंगलाला ‘राखीव’ हा शब्द दिला. पिढ्यान्‌पिढ्यांचा वहिवाटीचा हक्क सरकारी सवलत होऊन बसला. मांगेतला वाडा बाहेरून बंद असतो; येथे अख्खे जंगल बंद झाले, आणि किल्ली खात्याकडे गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याने ती परत मिळवण्याची वाट दाखवली. गडचिरोलीतील मेंढा-लेखा हे गाव २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी एक ठरले. पण हक्क मागायचा तर पुरावा लागतो. तो कोणता?

२४/
या कायद्याखालील २००८ च्या नियमांतला तेरावा नियम इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. गॅझेटियर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल, निस्तार हक्कांच्या सरकारी नोंदी, हे सारे तो पुरावा म्हणून स्वीकारतो. म्हणजे साऱ्याची आकारणी करायला आलेल्या साहेबाची वही आज गावाच्या बाजूने साक्ष देऊ शकते. त्याच नियमात गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले कथन हाही पुरावा आहे. देवस्थाने, दफनभूमी, जुन्या वस्त्यांच्या खुणा हाही. आजीने सांगितलेली ठाण्याची गोष्ट आणि १८७० चा इंग्रजी अहवाल कायद्यासमोर एकाच टेबलावर येतात. गॉथिक कथेत सापडलेला कागद घराण्याचे पाप उघडे करतो. येथे तो गावाचे जंगल परत देऊ शकतो.

२५/
म्हणून एक मत स्पष्टपणे नोंदवायला हवे. चांद्याची स्वतःची गॉथिक रहस्य-चित्रकथा निघायला हवी, आणि ती काढणारे हात याच जिल्ह्यांत आहेत. तिच्यात लंडनच्या नकलेचे धुके नको; वैनगंगेवरचे पुरेसे आहे. वीज पडून कोसळलेला मार्कंड्याचा मंडप आहे, बीरशाहची समाधी आहे, राणी हिराईसारखी राज्य सांभाळणारी विधवा आहे. तिला पांढऱ्या साडीतली हडळ न करता कारभारी म्हणून रंगवणे, एवढी कसोटी पहिल्याच पानावर लागेल. दुसरी कसोटी शेवटच्या पानावर : भुताच्या जागी माणूस, आणि माणसाच्या हाती कागद दिसतो का?

२६/
चित्रकथा निघेल तेव्हा निघेल. तोवर करता येण्याजोगे काम साधे आहे. मूल, सावली, पोंभुर्णा, चामोर्शीच्या वाचकांनी आपल्या गावातील एका ठाण्याची, विहिरीची, पडक्या गढीची कथा वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावी. सांगणाऱ्याचे नाव त्यांच्या संमतीने, गाव, तारीख आणि भाषा नोंदवावी. कथा गोंडीत असेल तर गोंडीतच लिहावी, भाषांतर शेजारी. दोन जणांनी दोन प्रकारे सांगितली तर दोन्ही ठेवाव्यात. आणि गढीत धन पुरले आहे असे कोणी म्हणाले, तर तेही लिहून घ्यावे. खणायला मात्र जाऊ नये. आपल्या गावाची कथा खाली जोडावी.

(धागा समाप्त)